अकरा लिटर

जुलैची सुट्टी, म्हणून आम्हाला शाळा मिळाली.
पहिलीत वरचं गाव, दुसरीत खालचं,
तिसरीत खाणीची कंपनी,
चौथीत मंत्रालयाचा लिसांद्रो, एकटाच,
आणि खिडकीबाहेर वाकल्याशिवाय
रेंज न पकडणारा त्याचा फोन.

बाकं लहान मुलांची.
लिमाहून आलेल्या वकिलांचे गुडघे हनुवटीला टेकतात.
हे मी मुद्दाम केलं नव्हतं.
पण बदललंही नाही.

माझं काम व्हरांड्यात:
पहिलीतून निघालेलं वाक्य तिसरीपर्यंत न्यायचं,
वाटेत त्यातला दगड काढून.
सातुर्निना म्हणाली, सांग त्या चोरांना.
मी तिसरीत म्हटलं,
वरच्या गावाला मोजमापाबद्दल शंका आहे.
इंजिनिअर बारेनेचेआ टोपी काढून म्हणाला,
म्हणजे चोर म्हणाली ना?

चार पक्ष, असं मी अहवालात लिहिते.
पहिलीतच तीन आहेत.
ज्यांची पोरं खाणीत कामाला, ते फळ्याजवळ.
ज्यांच्या अल्पाका मेल्या, ते दाराशी.
मधल्या बाकावर एलेउतेरिओ, दोघांचाही सोयरा,
गालात कोकाच्या पानांची गोळी,
ताकास तूर लागू देत नाही.
कंपनीतही लिमाचे वेगळे, इथले वेगळे:
इथल्यांना संध्याकाळी याच रस्त्याने
घरी जायचं असतं.

आकडा एकच. झऱ्याचं पाणी,
सेकंदाला अकरा लिटर.
वरचं गाव सात म्हणतं, खालचं सहा,
कंपनी पाच, तेही तात्पुरतं.
बेरीज अठरा.
भिंतीवरचा पाढ्यांचा तक्ता
तीन दिवस हे ऐकतोय.

घोडं पेंड खात होतं ते 'तात्पुरतं'पाशी.
मेल्चोरनं तो शब्द केचुआत नेला
आणि सातुर्निनाचा प्रश्न घेऊन परत आला:
तात्पुरतं म्हणजे कुणाच्या मरणापर्यंत?
तिसरीत कुणीच ते लिहून घेतलं नाही.

त्याच रात्री मेल्चोर मला म्हणाला,
माझी आई खालच्या गावची.
हे मला आधी कळायला हवं होतं.
पहिलीला कधीच कळलं होतं.

चौथ्या दिवशी शाळेची टाकी संपली.
शिपाईण फोर्तुनाता सगळ्या वर्गांत डोकावून ओरडली,
चहा नाही, सोमवारी मुलं येतात,
आणि संडासाचं काय ते तुमचं तुम्ही बघा.
मग टँकर आला.
बादल्या घेऊन सगळे अंगणात,
पहाटेचं दव गोठून पांढरं झालेलं,
आणि लगेच भांडण: आधी कोण आलं?
वकिलानं आपली बादली पुढे सरकवली.
एका पोरीनं ती उचलून मागे ठेवली.

तेव्हा एलेउतेरिओनं गोळी थुंकली.
म्हणाला, वाटा वाटा काय करताय चार दिवस?
पाळी बोला.
रात्री कुणाचं शेत भिजतं?
रात्रीचं पाणी ते साठवोत, त्यांच्याकडे तलाव आहे.
दिवस आमचे.
आमचे म्हणजे कुणाचे, खालचं गाव म्हणालं.
आणि आम्ही पुन्हा आत गेलो,
पण या वेळी सगळे पहिलीत.
बाकं पुरली नाहीत.

टाळ्या वगैरे वाजल्या नाहीत.
चौदा कलमं झाली.
नववं कोरं आहे: रविवारची पाळी.
लिसांद्रो म्हणाला, कोरं कलम चालत नाही.
मी म्हटलं, खिडकीबाहेर वाकून विचार.
आधी सही कुणी करायची यावर दीड तास गेला.
शेवटी शाईचा पॅड मधे ठेवला
आणि जो तो आपला अंगठा बघत बसला.
सातुर्निनानं उठवला तो सगळ्यात ठळक,
कागद फाटेल इतका.

घाट उतरताना मेल्चोर गाडी चालवत होता.
तिसऱ्या वळणावर त्यानं विचारलं,
आईला काय सांगू?
तिला अकरापैकी सहा हवे होते.
जिभेवर सवयीनं आलं होतं ते,
गुळगुळीत, कुणालाच न लागणारं.

तसंच सांग, म्हटलं.
दगडासकट.